ग्रेट कॉक्सवेलचं कोठार: लाकडी प्रतिकृतीच्या नोंदी

१३ एप्रिल

मापं पक्की केली. कोठाराची लांबी १५२ फूट, रुंदी ४४ फूट, आढ्यापर्यंत उंची ४८ फूट. १:५० धरलं की लांबी साधारण ९३ सेंटिमीटर, रुंदी २७, उंची २९. गॅरेजमधल्या टेबलावर नीट बसतं. १:२० चा मोह होत होता, कारण सांधे मोठे करता आले असते. पण मग सव्वादोन मीटरच्या पुढची वस्तू होते, ती इथून हलवायची कशी?

प्रकल्प काय ते एकदा लिहून ठेवते. ऑक्सफर्डशायरमध्ये फॅरिंग्डनजवळ ग्रेट कॉक्सवेल नावाचं लहानसं गाव आहे. मी राहते त्या स्विंडनहून फार लांब नाही. गावाच्या टोकाला शेतांना लागून तेराव्या शतकातलं एक कोठार उभं आहे. भिंती दगडी, आतला सांगाडा ओकच्या लाकडाचा. कराडला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माझी मैत्रीण शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांना लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, पाठ आहेत, पण लाकडाचा सांगाडा भार कसा वाहतो हे दाखवायला तिच्याकडे हातात धरण्याजोगं काही नाही. तिच्यासाठी ही प्रतिकृती. अट एकच घातली आहे: गोंद वापरायचा नाही. सगळे सांधे कूस-खाचेचे, म्हणजे एका लाकडाच्या टोकाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेले. गोंदाने चिकटवलेली कैची दिसते छान, पण शिकवत काही नाही.

१९ एप्रिल

आज दिवसभर कोठारात. टेप, लेझर मीटर, वही. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा डोळे वरच जातात, पण आज ठरवून खालून सुरुवात केली.

बारा खांब. सहा जोड्या. त्यामुळे लांबीत सात खण पडतात, प्रत्येक खण वीस-एकवीस फुटांचा. खांबांच्या दोन रांगांमुळे रुंदीचे तीन भाग होतात: मधला उंच, मोकळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पडवीसारखे उतरत गेलेले भाग. एवढं रुंद छत एका झेपेत पेलेल अशी तुळई ओकच्या झाडातून निघत नाही. म्हणून मध्ये खांब उभे केले आणि झेप निम्म्यावर आणली.

खांब जमिनीवर नाहीत. प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाचा तळखडा आहे आणि तो जवळजवळ सात फूट उंच आहे. त्याच्याजवळ उभी राहिले तर लाकूड माझ्या डोक्याच्या वर सुरू होतं. आपल्या वाड्यांत तळखडा असतो वीतभर, फार तर हातभर. इथे माणूसभर दगड आणि मग लाकूड. प्रतिकृतीत तो ४.३ सेंटिमीटरचा होईल.

२१ एप्रिल

इतिहासाची बाजू, विद्यार्थ्यांना द्यायच्या टिपणासाठी.

१२०३ साली जॉन राजाने फॅरिंग्डनची जहागीर सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंना दिली. त्यांचा मुख्य मठ लगेचच हॅम्पशायरमध्ये ब्यूली इथे उभा राहिला आणि इकडची जमीन मठाची शेती म्हणून राहिली. या पंथाचे साधू गावापासून लांब राहत आणि शेती स्वतः कसत. साध्या व्रतातले श्रमकरी बंधू राबत आणि पीक मठाच्या कोठारात येई. ग्रेट कॉक्सवेलचं कोठार अशाच मठशेतीचं. लोक त्याला चर्चच्या दशमांशाचं कोठार म्हणतात, पण इथे लोकांकडून वसूल केलेलं धान्य नव्हे, मठाच्या स्वतःच्या शेतातलं पीक येत होतं.

लाकडातल्या वर्षवलयांवरून काळ निघतो तो १२९२ च्या आसपासचा. आपल्याकडे देवगिरीला रामचंद्रदेव यादव राज्य करत होता आणि ज्ञानेश्वरी नुकतीच सांगून झाली होती, तेव्हाचं हे लाकूड. आणि ते अजून कामावर आहे, छप्पर पेलतंय.

४ मे

अण्णा आणि आई आले. अण्णांनी सातारा-वाई भागात चाळीस वर्षं सुतारकी केली. वाड्यांच्या दुरुस्तीत त्यांचा हात बसलेला. आल्या आल्या माझ्या पटाश्या बघितल्या, दोन बाजूला काढल्या आणि दगड मागितला धार लावायला.

लाकूड कोणतं, यावर बोलणं झालं. ओक १:५० ला चालत नाही, त्याचे रेषे जाडे, कूस करताना तुकडा उडतो. मी पेअरचं लाकूड आणलं आहे, रेषा बारीक आणि घट्ट. अण्णांनी नखाने दाबून बघितलं, वास घेतला आणि "चाललं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

११ मे

दोघांना कोठार दाखवायला नेलं.

अण्णा तळखड्याशी थांबले. हाताने दगड आणि लाकडाचा सांधा चाचपला, खाली वाकून दगडाचा पाया बघितला. मी म्हटलं, "अण्णा, एवढा उंच का केला असेल?" ते म्हणाले, "लाकडाला पाण्यापरीस वलीचं भ्या जास्त. वल वर चढायच्या आत दगड संपाय नगं." मग म्हणाले, "आन् गाडीचा कणा लागंल, बैल आंग घाशील, त्ये समदं दगडाला लागूं दे."

मी मनात तिसरं कारण धरलं होतं ते त्यांना सांगितलं: सात फूट दगड घेतला की तेवढी ओकची लांबी वाचते. सरळ, गाठी नसलेलं, एवढ्या जाडीचं लांब लाकूड तेव्हाही सहज मिळत नसे. अण्णांनी मान डोलावली. "लांबी म्हंजी पैसं," म्हणाले.

आईचं लक्ष वेगळीकडेच होतं. लांब भिंतींच्या मधोमध समोरासमोर दोन देवड्या आहेत, त्यांतून जुनी ये-जा होती. आई एका दारापाशी उभी राहिली आणि पदर सावरत म्हणाली, "वारं धरायला दारं अशी समोर ठेवली व्हय?" अगदी तसंच आहे. दोन्ही दारं उघडली की आडवा वारा वाहतो आणि मधल्या जागेत मळलेलं धान्य उफणता येतं. हे मी वाचून शिकले होते. तिने खळ्यावर वावडीवर उभं राहून सूप धरलं आहे, त्यामुळे तिला सांगावं लागलं नाही.

१२ मे

कालच्या बोलण्यावरून टिपणात एक परिच्छेद वाढवला. तो मला या सगळ्यात कळीचा वाटतो.

आपल्याकडे ज्वारी काढतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. खळं उघड्यावर सारवायचं, मळणी-उफणणी तिथेच, धान्य पेवात किंवा कणगीत आणि कडब्याची गंजी बाहेर. छप्पर लागतं ते फक्त धान्याला. इंग्लंडमध्ये पीक निघतं ऑगस्टच्या आसपास आणि त्यानंतर पावसाचा भरवसा नाही. त्यामुळे कणसांसकट पेंढ्याच आत आणून छतापर्यंत रचायच्या आणि हिवाळाभर लागेल तशी मोगरीने मळणी करायची. म्हणजे खळं, गंजी आणि कोठार या तिन्ही गोष्टी एका छपराखाली. इमारत एवढी प्रचंड का, याचं उत्तर धान्याच्या राशीत शोधलं तर सापडत नाही. ती पेंढ्यांसाठी प्रचंड आहे. पेंढीत दाणे थोडे आणि जागा फार.

सात खण, त्यांतला एक मळणीला आणि ये-जा करायला मोकळा, बाकीचे भरलेले. मधला पट्टा उंच हवा, कारण गाडीवरून उचललेली पेंढी वर वर रचत न्यायची असते. कामाची रीत पक्की झाल्यावरच सुताराने मापं घेतली असणार, असं मला ठामपणे वाटतं.

२५ मे

तळखडे झाले. दगडासाठी इथलाच पिवळसर कॉट्सवोल्ड चुनखडक वापरला, बागेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला. मऊ आहे, करवतीने कापला जातो. वरचा माथा एका पातळीत आणायला पूर्ण दिवस गेला, कारण बारापैकी एक जरी अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला तर लांबीची तुळई तिरपी बसते. पाण्याची पातळी लावली, नळीने, वाड्याच्या कामात लावतात तशीच.

भिंतींचं काम त्या मानाने सरळ. खऱ्या भिंती सुमारे चार फूट जाड आणि बाहेरून दगडी टेकूंनी आवळलेल्या. प्रतिकृतीत एक लांब भिंत आणि एक टोकाची भिंत एवढीच करते आहे. बाकीचं उघडं ठेवायचं, नाहीतर आत बघणार कसं?

८ जून

पहिली चौकट उभी राहिली!

दोन खांब, वर आडवी तुळई, खांबातून निघणारे तिरपे धिरे. धिरे तुळईकडेही जातात आणि लांबीच्या दिशेनेही. त्यामुळे खांबाच्या माथ्याशी चारही बाजूंनी लाकडं येऊन मिळतात. या एका सांध्यावर मी आणि अण्णा दोन संध्याकाळी बसलो. एकाच ठिकाणी इतक्या खाचा पाडल्या तर खांबाचा माथा पोकळ होतो. म्हणून प्रत्येक धिऱ्याची कूस थोड्या वेगळ्या उंचीवर ठेवावी लागते. कागदावर हे लक्षातच येत नाही. पटाशी हातात घेतली की पाचव्या मिनिटाला कळतं.

खुंटीचं भोक कुठे पाडायचं हेही अण्णांनी दाखवलं. खाचेतल्या भोकापेक्षा कुशीतलं भोक केसभर आत, खांद्याकडे. खुंटी ठोकली की ती कुशीला आत ओढते आणि सांधा आवळतो. इंग्लंडचे जुने सुतारही हेच करत. शिवाय ते ओक ओला असतानाच घडवत. ओलं लाकूड पटाशीला मऊ लागतं आणि वाळताना सांधा आणखी घट्ट होतो. पेअर वाळलेलंच असल्याने मला तो फायदा नाही. सगळी भिस्त खुंटीवर.

९ जून

खुणांची पद्धत ठरवली. जुन्या काळी असे सांगाडे जागेवर तासून बसवत नसत. मैदानात चौकट आडवी जुळवायची, सांधे तपासायचे, प्रत्येक जोडीवर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या रेघा मारायच्या, मोडायची, गाडीतून न्यायची आणि जागेवर उभी करायची. सरळ रेघा मारायला सोप्या म्हणून तसे आकडे. मीही प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना त्याच खुणा करते आहे, चाकूच्या टोकाने. कराडला पोचल्यावर कोणाला नकाशा बघायची गरज पडू नये.

२२ जून

दोन मुख्य चौकटींच्या मधोमध आणखी एक प्रकारची कैची आहे आणि मला या कोठारात तीच सगळ्यांत देखणी वाटते. तिला खांब नाहीत. भिंतीत बऱ्याच उंचीवर रुतवलेली दोन वाकडी लाकडं आत झुकत वर जातात आणि लांबीच्या तुळयांना मध्येच आधार देतात. एकवीस फुटांच्या खणात तुळई मध्ये लवली असती. ही कमान तिला तिथे उचलून धरते आणि खाली जमीन मोकळी राहते, खांबाची अडचण नाही. दोनच्या ऐवजी चार खांब लावले असते तर गाडी फिरली नसती.

ही लाकडं वाफ देऊन वाकवलेली नाहीत. ती तशीच वाढलेली झाडं आहेत. सुताराने रानात फिरून बाक जुळणारी झाडं हेरायची आणि एकच खोड उभं चिरून दोन सारखे अर्धे करायचे, म्हणजे डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब होतं.

मी पेअरच्या फळीतून बाक कापायला घेतला होता. अण्णांनी थांबवलं. फळीतून बाक कापला की रेषा मध्येच तुटते आणि भार आला की तिथेच चिरा जाते. "नांगूर कशाचा करत्यात?" एवढंच विचारलं. बाभळीचा, आणि तोही वाकडाच शोधून, हे मला लहानपणापासून माहीत. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी छाटलेल्या प्लमच्या फांद्यांच्या ढिगात ते तासभर होते. हव्या त्या बाकाच्या फांद्या घेऊन आले. उभ्या चिरल्या, आतलं लाकूड लालसर, रेषा बाकाबरोबर वळत गेलेली. दोन अर्धे समोरासमोर धरले, अगदी जुळले. मी पेअरची फळी परत मांडणीवर ठेवून दिली.

६ जुलै

कोलशिलला जाऊन आले. ग्रेट कॉक्सवेलचं कोठार आज याच इस्टेटीचा भाग म्हणून राखलं जातं.

१५३८ साली आठव्या हेन्रीने ब्यूलीचा मठ बरखास्त केला आणि जमीन खासगी हातांत गेली. पुढे ती कोलशिलच्या जमीनदारांकडे आली. कोलशिलला सतराव्या शतकात रॉजर प्रॅट या वास्तुकाराने बांधलेला महाल होता, इंग्लंडमधल्या नावाजलेल्या घरांपैकी एक. थॉमस कुक या प्रवासकंपनीच्या संस्थापकाचा नातू अर्नेस्ट कुक याने ही इस्टेट विकत घेतली आणि ती नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेकडे, जाईल अशी तजवीज केली. १९५२ मध्ये महालाला आग लागली, उरलेल्या भिंतीही पाडल्या. १९५६ मध्ये कोठार ट्रस्टच्या ताब्यात आलं.

महालाच्या जागी आता फक्त हिरवळ आहे. तिथे उभं राहून मला राहून राहून वाटत होतं की एवढ्या मोठ्या इस्टेटीतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोलाची इमारत वैरण-धान्याची निघावी, हे शेतीची कदर असणाऱ्या कोणालाही पटेल.

१३ जुलै

आगीवरून आठवलं म्हणून टिपणात हवा आणि उष्णता यांवर लिहिलं. ओलसर पेंढ्या किंवा गवत दाबून रचलं की आतले जिवाणू कामाला लागतात आणि गंजी तापते. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेली की आपोआप पेटूही शकते. आपल्याकडे गंजीत हात घालून बघतात, इकडचे शेतकरी लोखंडी गज खुपसून ठेवतात आणि काढून हाताने चाचपतात. म्हणून अशा इमारतीत उंची लागते, वारा लागतो आणि भिंत-छताला लागून दमट कोपरे नको असतात. भिंतीत चौकोनी भोकं दिसतात ती बांधकामाच्या परांचीची, आडवी लाकडं रोवायला ठेवलेली. नंतर हवा खेळायला त्यांचा उपयोग झाला असेल तर नवल नाही.

टोकाच्या भिंतींतले मोठे दरवाजे मात्र मूळचे नाहीत. ते अठराव्या शतकात पाडले, गाड्या मोठ्या झाल्या म्हणून. प्रतिकृतीत टोकाची भिंत मी दरवाज्याशिवाय, मुळात असावी तशी करते आहे आणि टिपणात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

३ ऑगस्ट

छप्पर. एका पाख्यावर पाट्या घालायच्या, दुसरं पाखं उघडं.

पाट्या दगडाच्या. मोठ्यात मोठ्या खाली वळचणीला आणि वर जाल तशा लहान होत आढ्यापाशी अगदी वीतभर. हे शोभेसाठी नाही. पाणी खाली जाताना वाढत जातं, तिथे सांधे कमी असावेत म्हणून मोठे दगड. शिवाय जड दगड भिंतीजवळ राहतात. प्रत्येक पाटीला वर एक भोक, त्यात लाकडी खुंटी, ती रिपेवर अडकते. बस्स.

याच जिल्ह्यात स्टोन्सफिल्ड नावाच्या गावी असे दगड कसे फोडत ते फार सुरेख आहे. खाणीतून काढलेला दगड ओला ठेवायचा आणि कडाक्याच्या थंडीची वाट बघायची. आतलं पाणी गोठलं की दगड आपोआप थरांत सुटतो. गोठवणारी थंडी पडणार असं दिसलं की रात्री चर्चची घंटा वाजवून गावाला उठवत आणि सगळे जण दगडांवर पाणी घालायला धावत, असं सांगतात.

भाराचा हिशेब केला. दगडी छताला चौरस मीटरला साधारण ८० ते १०० किलो, दोन्ही पाखी मिळून हजारावर चौरस मीटर. माझ्या ढोबळ हिशेबाने शंभर टनांच्या आसपास, लाकूड वेगळंच. हे सगळं रिपांवरून वाशांवर, वाशांवरून लांबीच्या तुळयांवर, तिथून काही खांबांतून तळखड्यांत आणि काही वाकड्या कैच्यांतून भिंतींत उतरतं. वासे भिंतीला बाहेर ढकलतात, म्हणून भिंत चार फुटांची आणि बाहेरून टेकू. मैत्रिणीला फोनवर एवढं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, माझं पहिल्या सत्राचं अर्धं पुस्तक झालं की!"

१७ ऑगस्ट

दुरुस्तीबद्दल दोन शब्द टिपणात हवेत, कारण कराडच्या मुलांना उद्या आपल्याकडचे वाडे हाताळायचे आहेत. इंग्लिश लेखक आणि नक्षीकार विल्यम मॉरिस १८७१ पासून इथून जवळच केल्म्सकॉटला राहत असे आणि पाहुण्यांना मुद्दाम हे कोठार दाखवायला आणत असे. १८७७ मध्ये त्याने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं असं की जुनं घासूनपुसून नव्यासारखं करू नका, गळती थांबवा, टेकू द्या, नियमित देखभाल करा. आपल्याकडे वाड्याचा खांब बुडाशी कुजला की पुष्कळदा अख्खा खांब काढून सिमेंटचा घालतात. कुजका वीतभर भाग कापून तेवढंच नवं लाकूड सांधता येतं. अण्णांनी ते कितीतरी ठिकाणी केलं आहे. त्यांच्या हातचा असा एक सांधा, खऱ्या मापाचा, मी वेगळा करून घेतला आहे. प्रतिकृतीबरोबर जाईल.

७ सप्टेंबर

एका देवडीवर माडीची खोली आहे, मठशेतीचा कारभार बघणाऱ्या साधूची असावी. तीही बसवली. तिथून आत आलेली प्रत्येक गाडी दिसली असेल.

आज भाराची चाचणी. उघड्या पाख्याच्या वाशांवर वाळूच्या पिशव्या समान वाटून ठेवल्या. तुळया ओझ्याखाली किंचित लवल्या, पिशव्या काढल्यावर सरळ झाल्या, एकही खुंटी सैल नाही. मग मुद्दाम वाकड्या कैचीची एक जोडी काढून तेवढंच वजन ठेवलं. तुळई मध्ये स्पष्ट लवली, साध्या डोळ्यांना दिसेल एवढी. वर्गात हाच प्रयोग करायचा: आधी काढून, मग लावून.

२१ सप्टेंबर

अण्णा-आईंचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात. प्रतिकृती मोडली. खुंट्या मागच्या बाजूने हलक्या ठोकून काढल्या, एकही तुटली नाही. खांब, तुळया, धिरे, वासे वेगवेगळ्या जुड्यांत बांधले. वाकडी लाकडं आईच्या जुन्या पातळात गुंडाळली. तळखडे आणि दगडी भिंत जड होतं म्हणून समुद्रमार्गे पाठवते आहे. लाकूड सगळं मावून बॅग वीस किलोच्या आत.

उभारणीचा क्रम लिहून जुडीत ठेवला: तळखडे पातळीत, मग सहा चौकटी आडव्या जुळवून एकेक उभी, लांबीच्या तुळया, मग वाकड्या कैच्या, वासे शेवटी. अण्णा म्हणाले, चिठ्ठी राहू दे, पण पहिल्यांदा उभं करताना ते स्वतः कराडला जाणार आहेत. तारीख मैत्रिणीला विचारून कळवायची आहे.